दोन बादल्या

धायरीत घर बघायला आलेला माणूस बाल्कनी आणि पार्किंग मागाहून बघतो. आधी विचारतो, "पाणी महापालिकेचं की टँकरचं?" खडकवासल्याचं धरण इथून जवळच. १८७९ साली ते बांधून झालं आणि तेव्हापासून पुणं त्याच्या जिवावर पाणी पितंय. धायरी २०१७ साली इतर गावांबरोबर महापालिकेत आली, तरी इथल्या कितीतरी सोसायट्यांत उन्हाळ्याची सकाळ टँकरच्या भोंग्यानंच होते. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण आढळले, संशय पाण्यावर गेला, आणि लोक त्याच प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडू लागले : "टँकर भरतो कुठल्या विहिरीवर?"

अशाच एका सोसायटीतलं हे कुटुंब. आजी, दोन मुलगे, दोन सुना, एक नात, एक नातू. सात माणसं. थोरला सोसायटीचा सेक्रेटरी होता आणि त्या वर्षी त्याला एकच ध्यास लागला होता. शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत उभी राहिली, त्यांनी खोल बोअर मारलं, आणि फेब्रुवारीत यांच्या बोअरनं मान टाकली. थोरल्यानं अर्जांवर अर्ज केले. सोसायटीच्या सभेत तो एकदा तळमळून म्हणाला होता, "जमिनीखालचं पाणी काय कुणाच्या सातबाऱ्यावर असतं? यांनी ओढलं की आमचं आटतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मे महिन्यात मुलांना समुद्र दाखवायचं ठरलं. दापोलीची किनारपट्टी नक्की झाली, पण राहायचं कुठे यावर घरात चार दिवस खल चालला.

तसा तो पट्टा मोहात पाडणाराच आहे. उत्तरेकडून निघालं की केळशी, तिथलं महालक्ष्मीचं देऊळ आणि किनाऱ्यावरची वाळूची टेकडी. मग आंजर्ले, वर कड्यावरचा गणपती, खाली पुळण, जिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्लं समुद्राकडे निघतात. खाडी ओलांडली की हर्णै, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव. पुढे मुरुड, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. त्याला लागून कर्दे, तिथली लांबलचक सपाट पुळण आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या. मग लाडघर, कोळथरे, आणि शेवटी वाशिष्ठीच्या मुखावरचं दाभोळ.

नातवाला किल्ला हवा होता, नातीला कासवं. धाकट्या सुनेला गर्दी नको होती. थोरल्याला खोलीतून समुद्र दिसायला हवा होता आणि पोहायचा तलाव हवा होता. माझं मत विचाराल तर पुळण बघून मुक्काम ठरवणं हीच पहिली चूक. समुद्र सगळीकडे एकच. फरक आहे तो माडांच्या रांगेमागे, जिथे माणसं राहतात तिथे. पण तिकडचे फोटो कुणी पाठवत नाही.

आजीनं चार दिवस ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फोन मला द्या. मी विचारते."

तिनं तीन ठिकाणी फोन केला आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला. "तुमच्याकडे मे महिन्यात पाणी कुठून येतं हो?"

पहिल्या ठिकाणी, समुद्रासमोरच्या मोठ्या हॉटेलात, मुलगा उत्साहानं म्हणाला, "पाण्याची चिंताच करू नका मावशी, चोवीस तास पाणी. पूलसुद्धा आहे." आजी म्हणाली, "ते कळलं रे. येतं कुठून?" तो जरा थांबला. "बोअर आहे. कमी पडलं तर टँकर."

दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, बोअरचं पाणी अंघोळीला, प्यायला बाटल्या मिळतील.

तिसरा फोन आंजर्ल्याला. घरगुती राहण्याची आणि जेवणाची सोय. फोन घेतलेल्या काकू म्हणाल्या, "विहीर आहे आमची. गोडं पाणी आहे, पावसापर्यंत पुरतं. पण आधीच सांगते, अंघोळीला माणशी दोन बादल्या. वाडीचं शिपणं आधी, मग आपण सगळे."

आजीनं फोन ठेवला. "मला हे शेवटचं बरं वाटलं."

"पैसे मोजून दोन बादल्या?" थोरला म्हणाला. "आई, दोन बादल्यांत तर आपण इथेच भागवतो. तिकडे जायचं कशाला?" सुनांना त्याचं पटलं, मुलांना तलावाचं पटलं. तीन रात्रींचे पैसे आगाऊ भरून मोठं हॉटेल ठरलं. गावाचं नाव सांगत नाही. त्या पट्ट्यातलं कुठलंही गाव समजा.

ताम्हिणी उतरून, माणगाव-मंडणगडावरून गाडी दापोलीला पोचली. आसूदला आजीनं गाडी थांबवायला लावली. केशवराजाचं दर्शन घ्यायचं होतं. पोफळींच्या गर्द सावलीतून वाट जाते, मग ओढ्यावरचा पूल, मग चढ. आजी नातीच्या खांद्यावर हात ठेवून बसत उठत वर गेली. देवळाशी दगडी गोमुखातून भर मे महिन्यात पाणी वाहत होतं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून आणलेलं. ना पंप, ना वीज. आजी ओंजळ भरून प्यायली, मग बराच वेळ ते पाणी खाली कुठे जातंय ते बघत उभी राहिली.

हॉटेल छान होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. खोलीतून समुद्र दिसत होता. मुलं संध्याकाळभर तलावात डुंबली. रात्री बाल्कनीत खुर्च्या टाकून सगळे लाटा ऐकत बसले. थोरला खूश होता.

आजीला पहाटे जाग येते. ती फिरायला बाहेर पडली, तर मागच्या बाजूनं तिला ओळखीचा आवाज आला. टँकर मागे घेतानाचा भोंगा. धायरीत रोज ऐकू येतो तोच. पाइप तलावाकडे सोडलेला होता. कुंपणापलीकडे एक विहीर होती आणि विहिरीवर चार बायका कळश्या घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडाला लावलं आणि थुंकून टाकलं.

"मचूळ?" आजीनं कुंपणावरून विचारलं.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "चैत्र संपला की बिघडतं. भांडी घासायला चालतं. प्यायचं वरच्या वाडीतून आणायचं."

आजी खोलीवर आली आणि तिनं थोरल्याला उठवलं. "चल माझ्याबरोबर." एवढंच म्हणाली.

विहिरीवर तोवर एक निवृत्त मास्तर आले होते. थोरल्यानं चौकशी केली तेव्हा त्यांनी शाळेत समजावतात तसं समजावलं. इथे पाऊस वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण जांभा दगड चाळणीसारखा, पाणी धरून ठेवत नाही. उरतं ते जमिनीखाली, समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत. गोडं पाणी हलकं, म्हणून वर राहतं. त्याच्या वजनानं खारं खाली दबून असतं. "गोड्या पाण्याची पातळी एक वीत उतरली," मास्तर म्हणाले, "तर खालचं खारं चाळीस वीत वर सरकतं. रहाटानं उपसत होतो तोवर त्याला कळतही नव्हतं. आता खोल बोअर लागली. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पाहुणा आला की नळ सोडणारच."

"तुम्ही कुठले?" त्यांनी विचारलं.

"पुण्याचे," थोरला म्हणाला. मग जरा वेळानं म्हणाला, "धायरीचे."

परत येताना तो काही बोलला नाही. आजीही बोलली नाही. सभेतल्या टाळ्या तिनं ऐकल्या होत्या, पण त्यांची आठवण तिनं त्याला करून दिली नाही. चांगल्या मुलाला काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत आणि आपला मुलगा चांगला आहे हे तिला ठाऊक होतं. खोलीत शिरल्यावर त्यानं न्हाणीघरात धाकट्यानं सोडून ठेवलेला शॉवर बंद केला. तिथेच दाराला टेकून उभा राहिला. मग फोन काढला आणि आंजर्ल्याचा नंबर लावला.

उरलेल्या दोन रात्रींचे पैसे परत मिळाले नाहीत. नातवानं तलावासाठी भोकाड पसरलं. थोरली सून गाडीत अर्धा तास गप्प होती. हर्णैच्या बंदरावरून सुवर्णदुर्ग दिसला तेव्हा नातवाचं रडं थांबलं.

आंजर्ल्याचं घर जुनं, जांभ्याच्या भिंतींचं, पुढे ओटी, मागे वाडी. पण वाडीत उंच माड मोजकेच. मध्ये मोकळं आभाळ आणि पुरुषभर उंचीची रोपं. नातीनं विचारलं, "काकू, बाकीची झाडं कुठे गेली?"

"निसर्गात गेली," काकू म्हणाल्या.

मुलीला कळलं नाही. मग काकूंनी सांगितलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. सकाळी वाडी होती, संध्याकाळी आडवी झाली होती. सासऱ्यांनी लावलेले माड, पोफळी, जायफळाची दोन झाडं. कित्येक आठवडे वीज नव्हती. ही रोपं त्यानंतर लावलेली. फळ धरायला आणखी एक-दोन वर्षं जातील. "तोवर पाहुण्यांवर घर चालतं. पण पाहुण्यांपायी रोपं वाळवली तर पुढे कशावर चालायचं?"

थोरल्यानं विचारलं, "दोन बादल्यांचा हिशेब कसा बसवलात?"

"मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला चाळीसएक लिटर लागतं. तेवढ्याच दोन बादल्या होतात. माणसाला माडाएवढं."

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, हा आकडा थोरल्याला अर्ज लिहून लिहून पाठ झाला होता. त्यानं तोंडातल्या तोंडात भागाकार केला. आपण एकटे तीन माडांचं पाणी मागतोय, हे त्याचं उत्तर आलं. सात जणांचं उत्तर त्यानं काढलं नाही.

दोन दिवस दोन बादल्यांत झाले. न्हाणीचं पाणी पन्हळीतून थेट केळींच्या बुंध्याशी जात होतं. नातू अंघोळ झाली की धावत मागे जाऊन ते पोचलं का बघायचा, आणि तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून अर्धी बादली शिल्लक ठेवून एका रोपाला घातली. जेवायला कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी. संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीपासून खाडीचं मुख आणि सगळी पुळण दिसली. थोरली सून तिथे आजीला म्हणाली, "आई, पुढच्या वेळी तुम्हीच फोन करा."

पण पुढच्या वर्षी होळी झाल्यावर फोन थोरल्यानंच केला. भाडं विचारलं नाही, समुद्र दिसतो का विचारलं नाही.

"काकू, यंदा विहिरीला पाणी कसं आहे?"

"यंदा दीड बादली हो," काकू म्हणाल्या. "चार नवे माड लावलेत."

"आम्ही सात जण आहोत," तो म्हणाला. "येतो."