उभी गाडी आणि सहावा अध्याय

गळीत हंगाम संपला की माझी दहाचाकी दिवाळीपर्यंत उभी असते. माझं भजन याच्या नेमकं उलट. हंगामात कारखान्याच्या काट्यापुढे रात्र रात्र नंबर लावताना हरिपाठ सुटतो, तो आषाढात पुन्हा धरायचा. म्हणजे वर्षातून एकदा गाडी उठवायची आणि एकदा स्वतःला.

पतंजलींनी अभ्यासाला तीन अटी घातल्या: तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि आदरानं केलेला हवा. हंगामावर पोट असणाऱ्याला दुसरी अट परवडत नाही. म्हणून मला गीतेचा सहावा अध्याय जवळचा. श्रद्धा आहे, पण साधना मध्येच सुटली, त्याचं काय, असं अर्जुन तिथं विचारतो. भगवंत सांगतात, त्याचा नाश होत नाही. पुढच्या जन्मीही मागचा अभ्यासच त्याला ओढून नेतो. कीर्तनात हे ऐकून माणसं निर्धास्त होतात. मला त्यात निम्माच दिलासा दिसतो.

कारण उभ्या गाडीतलं ऑईलही कुठं जात नाही. फक्त ते खाली चेंबरात उतरलेलं असतं आणि वर बेअरिंगं, टर्बो कोरडे पडलेले. टाकी रिकामी ठेवली असेल तर दमट हवेचं पाणी होऊन तळाशी बसतं. पाइपात हवा शिरते. अशा गाडीला चावी लावून थेट सेल्फ मारणारा ड्रायव्हर मी ठेवत नाही. आधी फिल्टरखालचं पाणी सोडायचं. हँडपंप मारत राहायचं, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत. माझी गाडी जुन्या पंपाची. तिचा स्टॉपर ओढून धरायचा आणि न पेटवता इंजिन दहा-पंधरा सेकंद फिरवायचं, थांबायचं, पुन्हा फिरवायचं. ऑईलचा काटा हलला की मगच स्टॉपर सोडायचा.

डिझेलला प्लग नसतो. सिलिंडरात हवा सतरा-अठरा पट दाबली जाते, पाचशे अंशांच्या वर तापते आणि डिझेल पेटतं. आग आतलीच, पण पहिले फेरे बॅटरीचे. कृपा मोठी की प्रयत्न, या वादात मला यापेक्षा जास्त कळत नाही. माझी बॅटरी म्हणजे गावातली दिंडी.

गार लोखंड उष्णता पिऊन टाकतं, म्हणून सुरुवातीला पांढरा धूर येतो. ते न जळलेलं डिझेल. आषाढातले माझे पहिले हरिपाठ तसेच: तोंडात अभंग, डोक्यात टायरचा हप्ता. त्याला ढोंग म्हणू नये. रेसही करू नये. टर्बोला ऑईल पोचायच्या आत ज्यानं पाय दाबला, त्यानं पुढचा खर्च ओढवून घेतला. पहिल्याच दिवशी निर्जळी एकादशी आणि पहाटे तीनचं ध्यान धरणारे लोक मी पाहिलेत. पुढच्या एकादशीला ते दिसत नाहीत.

कीर्तनकार महाराजांना एकच विनंती. सहावा अध्याय लावाल तेव्हा केलेलं वाया जात नाही, एवढ्यावर बुक्का लावून मोकळे होऊ नका. पाणी कसं सोडायचं आणि हवा कशी काढायची, तेही सांगा.