रडणाऱ्याचा हक्क

‘हम दोनो’ हा चित्रपट १९६१ सालचा. त्यातलं देव आनंद आणि साधना यांचं ते द्वंद्वगीत कोणतं, हे आमच्या पिढीला वेगळं सांगावं लागत नाही. साहिर लुधियानवींचे शब्द, जयदेव यांची चाल, रफीसाहेब आणि आशाबाईंचा आवाज. संध्याकाळ झालेली आहे, तिला घरी जायचं आहे, त्याचं मन भरलेलं नाही, म्हणून तो तिला थांबवतो आहे. एवढंच. कोल्हापुरात लग्नाला ऑर्केस्ट्रा असला की हे गाणं व्हायचंच. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या आम्हा चार-पाच जणांपैकी एकजण तर ते गुणगुणतच चालतो. प्रेमाचा हात न सोडणाऱ्या माणसाचं याहून गोड गाणं नाही, असं आम्ही मानत आलो. एका बैठकीनं आम्हाला अडचणीत आणलं.

बैठक आमच्याच मोहल्ल्यातली. मुलगी दोन वर्षं माहेरी, कडेवर लेकरू. नवरा हात उचलायचा म्हणून आलेली. दोन वर्षांत त्यानं एक पैसा पाठवला नव्हता, पण तलाकही देत नव्हता. मुलीकडचे मेहर परत करून खुला मागत होते, त्यालाही नाही. ‘मी तिला सोडणार नाही. माझा जीव आहे तिच्यावर,’ हे त्याचं एकच वाक्य. आणि ते बोलताना तो रडत होता. खोटं रडत नव्हता, हे आम्ही आजही सांगू. त्याला फोन केला की हेच गाणं ऐकू यायचं. तिच्यासाठीच लावलं होतं म्हणे.

आम्ही विरघळलो. ‘बेटी, एवढा जीव लावणारा माणूस आहे, एकदा जाऊन बघ,’ असं आमच्यातल्या एकानं म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. ती म्हणाली, ‘चाचा, तो आज रडला तर तुम्ही सगळे जमलात. मी दोन वर्षं रडत होते, तेव्हा कुणी सतरंजी टाकली नाही.’ बैठक तिथंच संपली. चहा तसाच राहिला.

प्रश्न एवढाच आहे, पण सोपा नाही. प्रेम खरं असेल तर त्यातून हक्क निर्माण होतो का? माझं तुझ्यावर प्रेम आहे, म्हणून तू थांबलं पाहिजेस, यातला ‘म्हणून’ कुठून येतो?

आमच्यातल्या एका शिक्षक मित्राला त्या रात्री बरीरा आणि मुगीस यांची हकिकत आठवली. सही बुखारीत इब्न अब्बास यांच्याकडून आलेली आहे. बरीरा ही गुलाम स्त्री मुक्त झाली. मुक्तीबरोबर नवऱ्यापाशी राहायचं की नाही, हे ठरवण्याची मुभा तिला मिळाली आणि तिनं वेगळं होणं पसंत केलं. मुगीस मदिनेच्या गल्ल्यांतून तिच्यामागे रडत फिरायचा, दाढीवरून आसवं ओघळायची. पैगंबरांना त्याची दया आली. त्यांनी बरीराला सुचवलं की, तू त्याच्याकडे परत गेलीस तर बरं. तिनं विचारलं, ही आज्ञा आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो आहे. त्यावर ती म्हणाली, मग मला त्याची गरज नाही. विषय संपला.

ही हकिकत आम्ही लहानपणापासून ऐकलेली. पण तिच्यात काय घडत नाही, याकडे आमचं लक्ष गेलं नव्हतं. मुगीसच्या प्रेमाला कुणी खोटं म्हणत नाही, त्याची टिंगल होत नाही. आणि तरीही त्या आसवांच्या बदल्यात त्याला बरीरा मिळत नाही. शिफारस करणारे कोण होते, हे लक्षात घेतलं की आमच्या बैठकीतल्या डोलणाऱ्या मानांची लाज वाटते. आम्ही तर हुकूम आणि सल्ला यांतला फरकही तिच्यासाठी शिल्लक ठेवला नव्हता.

कुरआनात सूरह बकरामध्ये नांदवायचं तर भलेपणानं आणि सोडायचं तर सौजन्यानं, असे दोनच रस्ते सांगितले आहेत. त्याच आयतीत खुल्याचीही वाट आहे. जाच करण्यासाठी अडवून ठेवू नका, हे थोडं पुढे येतं. सूरह निसामध्ये बायकोला अधांतरी लटकत ठेवू नका, असंही आहे. तीन तलाकवर २०१७ चा निकाल आला, २०१९ चा कायदा आला. त्यावर आम्ही चौकाचौकांत हिरिरीनं बोललो. सोडण्याच्या जुलमावर बोलणं झालं. न सोडण्याच्या जुलमावर जमातीत चर्चा झाल्याचं आम्हाला तरी आठवत नाही. आपल्याकडच्या रूढ हनफी मतानुसार खुल्यालाही नवऱ्याची संमती लागते. तो नुसता ‘नाही’ म्हणत बसला की बाईचं वय निघून जातं. तलाक देणारा निदान बदनाम तरी होतो. हा मात्र आशिक ठरतो.

भाषाही त्याच्याच बाजूची. मराठीत बाई नांदते आणि पुरुष नांदवतो. बाई ‘टाकलेली’ असते, ‘सोडलेली’ असते. टाकलेला पुरुष कुणी पाहिला आहे? आणि इथंच ते गाणं आम्हाला पुन्हा नीट ऐकावंसं वाटलं. त्यात सोडून जाणारी ती आहे. तो विनवतो, कारण जाणं तिच्या हातात आहे, हे त्याला मान्य आहे. शिवाय साहिरनी तिला स्वतंत्र कडवं दिलं आहे. ती ऐकून घेते, हसते आणि सांगते की, थांबले तर हे असंच चालत राहील, तुझं मन कधीच भरणार नाही. वाट मोकळी आहे म्हणून ती विनवणी गोड लागते. दाराला कडी लावून तेच शब्द म्हटले तर? याच साहिरनी दोनच वर्षांनी ‘गुमराह’साठी पुन्हा अनोळखी होऊ या म्हणणारं गाणं लिहिलं, ही गोष्ट आम्हाला योगायोगाची वाटत नाही.

धरून ठेवणं वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या बायकोला सात वर्षं स्वतःच्या हातानं भरवणारे एक अब्बाजी आमच्या गल्लीत होते. लोक सुचवायचे, दुसरा निकाह करा. ते ऐकायचे नाहीत. त्यांनीही सोडलं नाही. पण तिथं जाणारी जात नव्हती. हात तिनंच पुढे केला होता.

ती मुलगी शेवटी न्यायालयात गेली. मुस्लिम विवाहविच्छेदाच्या १९३९ च्या कायद्यात दोन वर्षं पोटगी न देणं हे स्त्रीला विवाह संपवून मागण्याचं एक कारण आहे. वकिलानं त्यावरच बोट ठेवलं. गेल्या वर्षी निकाल लागला. साक्षीला आमच्यापैकी दोघे गेलो. उशिरा का होईना.

परवा एका कामासाठी त्याला फोन लावला. अजून तेच गाणं. रफीसाहेबांचा आवाज थोडा वेळ ऐकू आला, आणि आशाबाईंचं कडवं सुरू व्हायच्या आत त्यानं फोन उचलला.