हिताकरिता केलेली लपवाछपवी

दुसऱ्याचे हित साधावे म्हणून त्याच्याच वस्तूची खरी स्थिती त्याच्यापासून लपवून ठेवणे योग्य आहे काय? हा प्रश्न जुना आहे. वैद्याला रोग्याविषयी आणि बापाला मुलाविषयी तो नेहमीच पडत आला आहे. आज आम्ही तो एका लहानशा वस्तूच्या संबंधाने वाचकांपुढे मांडू इच्छितो. ती वस्तू म्हणजे आपल्या खिशातील मोबाइल फोनची बॅटरी. वस्तू लहान म्हणून प्रश्नही लहान, असे मात्र कोणी समजू नये.

प्रथम बॅटरीचा स्वभाव पाहिला पाहिजे. आजच्या फोनांत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ती १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. फोन चार्जिंगला लावला म्हणजे लिथियमचे विद्युत्‌भारित कण एका बाजूकडून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. फोन वापरू लागलो म्हणजे ते परत फिरतात. या येण्याजाण्यात थोडे थोडे लिथियम ग्राफाइटवर जमणाऱ्या पुटात अडकून कायमचे निकामी होते. उष्णतेने हे पूट लवकर वाढते. बॅटरी काठोकाठ भरून पुष्कळ वेळ तशीच ठेवली, तरीही झीज अधिक होते. फार काय, फोन न वापरता पेटीत ठेवला तरी ती अगदीच थांबत नाही.

बॅटरी पुरती उतरल्यावाचून फोन चार्जिंगला लावू नये, असा उपदेश आपल्या खेड्यांतून अजून ऐकू येतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीपुरता ठीक होता. लिथियमच्या बॅटरीस पुरते रिकामे होणे मानवत नाही; वीस टक्क्यांच्या सुमारास लावणे व ऐंशीच्या सुमारास काढणे हे तिला मानवते. जेथे वीज केव्हा येईल नि केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे हा नियम पाळणे कठीण, हे आम्ही जाणतो. अशा गावी बॅटरी शंभर टक्के भरून घ्यावी लागली तर खुशाल घ्यावी. परंतु रात्री उशीखाली दडपून किंवा दुपारी उन्हात ठेवून फोन चार्ज करणे हे कोणालाही टाळता येण्यासारखे आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. बॅटरी जुनी झाली म्हणजे तिच्यात वीज कमी मावते, हा एक दोष. दुसरा दोष असा की, तिचा अंतर्गत रोध वाढतो, आणि फोनने एकदम जोराने वीज मागितली असता दाब खाली येऊन फोन अकस्मात बंद पडतो. २०१६ साली ॲपल कंपनीच्या काही आयफोनांत असे होऊ लागले. तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बदल करून तो ग्राहकांकडे पाठविला. ज्या फोनची बॅटरी थकली असेल त्याच्या प्रोसेसरचा वेग या बदलाने गरजेप्रमाणे आवरला जाई, म्हणजे तो एकदम वीज मागणार नाही व बंदही पडणार नाही. उपाय गुणकारी होता. परंतु आपला फोन मंद का झाला, हे मालकास कोणी स्पष्ट सांगितले नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॉन पूल या गृहस्थाने अनेक फोनांच्या वेगाचे आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा गोष्ट उघडकीस आली. २० डिसेंबरास कंपनीने ती कबूल केली आणि २८ तारखेस ग्राहकांची क्षमा मागितली. अमेरिकेत नवी बॅटरी घालून देण्याचे मोल ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणले, आणि मार्च २०१८ मध्ये बॅटरीची प्रकृती टक्क्यांत पाहण्याची सोय करून दिली. फ्रान्सच्या सरकारी खात्याने २०२० साली कंपनीस अडीच कोटी युरो दंड केला. तो दंड फोन मंद केल्याबद्दल नव्हता, ग्राहकांस न कळविल्याबद्दल होता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

फोनचे आयुष्य कमी करून नवे फोन खपविण्याचा आपला हेतू कधीच नव्हता, असे कंपनीने सांगितले. वादाकरिता आम्ही हे म्हणणे अक्षरशः खरे धरून चालतो. हेतू वाईट असता तर प्रश्नच उरला नसता. ती सरळ लबाडी झाली असती. हेतू चांगला, उपाय चांगला, आणि तरीही कृत्य अयोग्य होते काय, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

कोणी म्हणेल, सामान्य मनुष्यास रोध आणि दाब काय कळणार? सांगितले असते तर तो उगाच घाबरला असता; त्याचा फोन चालू राहिला, एवढे त्यास पुरे. हे बोलणे आपल्या लोकांस नवीन नाही. आपल्या आजे-पणज्यांस ते सावकाराच्या ओटीवर पुष्कळ वेळा ऐकावे लागले. “तुला वाचता येत नाही ना? मग आंगठा कर. तुझ्या भल्याचेच लिहिले आहे.” एखाद्या कागदावर खरोखरच भल्याचे लिहिलेले असेलही. तरी त्या अक्षरांवर आंगठा देणारा मनुष्य आपल्याच घराच्या कारभारात परका झाला, आणि ही हानी कागद कितीही चांगला असला तरी भरून येत नाही. ज्यास कळत नाही त्यास समजेल अशा शब्दांत सांगणे, हे कळणाऱ्याचे काम आहे. “तुमची बॅटरी जुनी झाली आहे, म्हणून फोन सावकाश चालेल, बॅटरी बदलल्यास तो पूर्ववत होईल.” या दोन वाक्यांत न समजण्यासारखे काय आहे?

आणि न सांगण्याचा परिणाम केवळ मनाला लागून राहतो असेही नाही. समजा, एका मजुराचा फोन मंद झाला. कारण ठाऊक नसल्यामुळे फोनच कामातून गेला, असे तो समजतो आणि हप्त्याने नवा घेतो. फाळ झिजला म्हणून नांगर टाकून देणारा शेतकरी आम्ही अजून पाहिला नाही. तो फाळ घेऊन लोहाराकडे जातो. परंतु फाळाची झीज डोळ्यांस दिसते, बॅटरीची दिसत नाही. ज्या एकालाच ती दिसत होती तो गप्प राहिला. कारण कळल्यावर लोक काय करतात, याचा दाखला कंपनीच्याच लेखी पत्रात आहे. २ जानेवारी २०१९ रोजी टिम कुक यांनी भागधारकांस विक्री अपेक्षेहून कमी झाल्याचे कळविले. त्याची जी अनेक कारणे त्यांनी दिली, त्यांत काही ग्राहकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली, हेही एक होते. ज्याच्या मौनापासून त्यासच लाभ संभवतो, त्याने आपल्या सद्धेतूवर विसंबून राहू नये, असे आम्हांस वाटते.

सत्य सांगितल्याने चिंता वाढते, हा आक्षेप मात्र अगदीच पोकळ नाही. टक्के दिसू लागल्यापासून कित्येक लोक ते नाडी पाहावी तसे रोज पाहतात. ऐंशी टक्क्यांवर बॅटरी जाऊ द्यावयाची नाही, असे काहींचे व्रत आहे. तीन वर्षांनी वीस टक्के वीज कमी मावेल या भयाने हे लोक आजपासूनच रोज वीस टक्के सोडून देतात, आणि रात्री दवाखान्यात फोन करावयाच्या वेळी तो मिटलेला आढळतो! असे असले तरी, कळून चिंता करणारा मनुष्य ती टाकूनही देऊ शकतो. ज्यास कळलेच नाही त्यास निवड कसली?

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला आहे की, तेथे नव्याने विकावयास येणाऱ्या फोनच्या बॅटरीने आठशे वेळा पुरती भरून उतरल्यावरही मूळ शक्तीच्या निदान ऐंशी टक्के राखली पाहिजे. आपल्याकडे तालुक्याच्या बाजारात पुष्कळजण जुना फोन विकत घेतात. बैल घेताना आपण त्याचे तोंड उघडून दात पाहतो, आणि विकणाराही ते पाहू देतो. जुन्या फोनचे दात पाहण्याची सोय पुष्कळशा स्वस्त फोनांत दिसत नाही. विकणाऱ्याने मात्र तो दोन वर्षे वापरलेला असतो. दुपारपर्यंत बॅटरी उतरते की संध्याकाळपर्यंत टिकते, हे त्यास पक्के ठाऊक असते. घेणाऱ्याने ते विचारावे, आणि विचारले नाही तरी विकणाऱ्याने पैसे हातात घेण्यापूर्वी ते सांगावे.