जखम आणि जबाबदारी



झाशी शहरात प्रेम नगर नावाची वस्ती आहे. असे गोड नाव धारण करणाऱ्या वस्त्या आपल्या देशात पुष्कळ आहेत. परंतु मुलाचे भवितव्य वस्तीच्या नावाने नव्हे, तर घरात त्याच्या वाट्याला काय येते त्याने घडू लागते. मारहाण, उपासमार, बापाचे व्यसन, आईची विटंबना हेच ज्याचे बालपण, त्याने तरुणपणी शस्त्र उचलले तर दोष कोणाचा?

बाबेलच्या बंदिवासातील यहूदी लोक आंबट द्राक्षांची म्हण सांगून आपल्या दुर्दशेचा भार वाडवडिलांवर टाकीत. यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात ती म्हणच मोडीत काढली. मग बालपणीची जखम काहीच नव्हे काय? तसेही नाही. सदैव धाकात वाढलेले मूल साध्या नजरेतही हल्ला पाहते, आणि मुठीची भाषा ते घरातच शिकते. अमेरिकेतील संशोधक कॅथी विडम यांनी छळ व हेळसांड सोसलेल्या ९०८ मुलांची तुलना तशाच परिस्थितीतील इतर मुलांशी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, अल्पवयात अटक झालेल्यांचे प्रमाण पीडित मुलांत २६ टक्के, तर इतरांत १७ टक्के होते. हिंसक गुन्ह्यांत ते सुमारे ११ व ८ टक्के होते.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावयास हवेत. जखमेमुळे धोका वाढतो, हे खरे; आणि बहुसंख्य जखमी मुले हिंसेकडे वळली नाहीत, हेही तितकेच खरे. जखम हे कारण असू शकते. ती ललाटरेषा नव्हे.

झाशीचाच इतिहास पाहा. १८५३ साली दत्तक घेतलेल्या दामोदररावाने कोवळ्या वयात शहराचा वेढा पाहिला, आणि १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या रूपाने आईही गमावली. त्यानंतर रानोमाळ भटकंती आली. परंतु राणीच्या काही विश्वासू सेवकांनी त्या पोराला सोडले नाही. १९०६ साली मृत्यू येईपर्यंतचे त्याचे पुढील आयुष्य इंदूरला गेले. एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही. पण ज्याचे सर्वस्व हरपले, त्याला कोणी तरी धरून ठेवले होते, एवढे त्यातून दिसते.

आपल्या देशाच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही हा तोल राखण्याचा यत्न केला आहे. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. मात्र त्याआधी गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हेही मंडळाने तपासावयाचे असते.

तेव्हा कृतीची जबाबदारी त्या तरुणाचीच. ती काढून घेणे म्हणजे त्याचे माणूसपण नाकारणे होय. परंतु त्याची जखम वर्षानुवर्षे उघडी राहिली, त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल. शेजारच्या घरातून मुलाचे रडणे ऐकू येते, तेव्हा आपण खिडकी लावून घेतो. शब्बाथ शाळेत एक मूल एकाएकी मुके होते, तेव्हा आपण त्याची हजेरी तेवढी मांडतो. १०९८ या बाल साहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करण्यास कितीसा वेळ लागतो? तरुणाच्या हातातील शस्त्र पाहून आपण हळहळतो. तोच हात लहान होता, तेव्हा तो कोणी धरला होता?