नाइन एमएमची हवा

शनिवारी काष्टीच्या बाजारात बैल घ्यायला आलेला शेतकरी मालकाच्या बोलण्यावर जात नाही. जबडा उघडतो, आदत आहे की चौसा ते पाहतो, चालवून बघतो, मगच भावाची गोष्ट. त्याच्याच घरातला पोरगा मात्र मोबाइलवर कमरेला पिस्तूल खोचलेल्या ‘भाई’चा रील बघतो आणि सगळे खरे धरून चालतो.

सिनेमात नाइन एमएमची गोळी लागली की माणूस काच फोडून मागे उडतो. जरा हिशेब करू. गोळी आठ ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास. साठ किलोच्या माणसाला तिने ढकलले, तर तो सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर मागे सरकेल. माणूस उडवण्याइतका झटका असता, तर झाडणाराही उताणा पडला असता! २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली. पिस्तुलाच्या गोळीहून कितीतरी जबर गोळ्या अंगात शिरत असतानाही त्यांनी पकड सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. ओंबळे वाचले नाहीत. गोळी माणसाला उडवत नाही. आत शिरून फाडते आणि रक्त वाहून जाते. पडद्यासाठी हे फार संथ आणि ओंगळ पडते.

दुसरी थाप याच्या उलट आणि जास्त घातक. बत्तीस बोअरचे पिस्तूल म्हणजे ‘नुसते धाक दाखवायला’, फार तर ‘पायावर मारू’. ३० जानेवारी १९४८ ला नथुराम गोडसेच्या हातात होते ते बेरेटा आखूड काडतुसाचे. आजच्या नाइन एमएमच्या निम्म्याच्या आसपास ताकदीचे. गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या, तेवढ्या पुरल्या. आणि पाय? मांडीतली मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत खेळ आटोपतो. काष्टीहून दौंडचा दवाखाना गाठायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. वरातीत आभाळाकडे झाडलेली गोळीही कुठेतरी खाली येतेच.

या थापा पसरण्यात आम्हा लिहिणाऱ्यांचा वाटा आहे. जप्तीची बातमी आली की टेबलावर मांडलेले कट्टे, मागे उभे अधिकारी आणि मथळ्यात ‘अत्याधुनिक’. कित्येकदा ते हत्यार मध्य प्रदेशातल्या उमरटीकडच्या भट्टीत घडवलेले असते, वर ‘मेड इन यूएसए’ ठोकलेले. अशा हत्याराची नळी चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. फोटोखाली हे येत नाही. पोरे तोच फोटो कापून स्टेटसला लावतात.

बोअरचा खरा फरक कायद्यात पडतो, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधे पिस्तूल बाळगले तर दोन ते पाच वर्षे; नाइन एमएमसारखे प्रतिबंधित बोअरचे असेल तर सात ते चौदा. हर्षाच्या भरात बेदरकारपणे गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर परवाना असला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आपल्याकडं नाइन एमएम हाय’ म्हणून रील टाकणारा पोलिसांना आयता माग देतो. जप्तीच्या बातमीखाली या दोन-तीन ओळी छापायला एका चौकटीहून जास्त जागा लागत नाही.