उत्तराचें हंसें

आमच्या घरीं मुलें संगणकावर एक खेळ खेळतात. त्यांतला महावीर बढाया मारतो आणि पहिल्याच धक्क्यास तोंडघशीं पडतो. मुलें हंसतात, आम्हीही हंसलों. असा वीर आम्हांस नवा नाहीं. विराटपर्वांतील राजपुत्र उत्तर स्त्रियांपुढें शौर्य मिरवून निघाला आणि कौरवसेना दिसतांच रथांतून उडी टाकून पळाला. येथें नाशकास गोदाकांठच्या कीर्तनांत या प्रसंगीं हंशा ठरलेलाच. परंतु हाच उत्तर कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशीं हत्तीवरून शल्यावर चालून गेला, त्याच्या रथाचे चारही घोडे पाडले आणि शल्याच्या शक्तीनें मेला, हें क्वचितच सांगितलें जातें. भ्याडपणास हंसावें, हें आम्हांस मान्य आहे. पण ज्यानें तो टाकला त्यास जन्मभर पळतच ठेवणें, हा न्याय कोणता? मुलांस हें सांगितलें, तेव्हां धाकट्यानें खेळ थांबवून विचारलें, “मग आधीं पळाला कां?”