एका सोंगटीत किती माणसं?

वॉटर्लूची लढाई टेबलावर मांडायला घेतली की आधी भागाकार करावा लागतो. १८ जून १८१५ या दिवशी बेल्जियममधल्या त्या शेतांत तिन्ही सैन्यांची मिळून दोन लाखांच्या आसपास माणसं होती. जेवणाच्या टेबलावर एवढी मावणार कशी? मग ठरवायचं की एक सोंगटी म्हणजे वीस माणसं. आकडा ठरला की फासे काढायला आपण मोकळे. मला प्रश्न पडतो तो इथेच. खऱ्या माणसांच्या मरणाचा असा डाव मांडणं बरोबर आहे का?

‘युद्ध वाईट, म्हणून युद्धाचा खेळही वाईट’ हे उत्तर मला पुरत नाही. बुद्धिबळही युद्धच आहे. पण तिथलं मेलेलं प्यादं कुणाचा मुलगा नसतं. वॉटर्लूच्या सोंगटीमागे नावागावाची माणसं होती, म्हणून तिथे प्रश्न अवघड होतो.

ला हे सेंट या शेतघराचंच बघा. वेलिंग्टनच्या फळीपुढे असलेलं हे घर मेजर बारिंगचे सुमारे ४०० जर्मन सैनिक लढवत होते. आदल्या रात्री धो धो पाऊस पडला आणि गारठलेल्या सैनिकांनी कोठाराचं दार जाळून शेकोटी केली. दुसऱ्या दिवशी तीच उघडी चौकट त्यांना अडवून धरावी लागली. त्यांच्या रायफलींची काडतुसं पुन्हा पुन्हा मागूनही आली नाहीत. संध्याकाळी घर पडलं, तेव्हा बारिंगबरोबर त्यातले चाळीसेक जण उरले होते. टेबलावर याचा हिशेब सोपा आहे. वीस सोंगट्या ठेवायच्या, अठरा उचलायच्या. उचललेल्यांतले मेले किती, जखमी किती, पळाले किती, हे खेळ विचारत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. तपशील गाळल्याशिवाय आमचं काम एक दिवस चालणार नाही. गावाएवढा नकाशा केला तर तो उलगडायचा कुठे? त्यामुळे गाळण्याला मी पाप म्हणणार नाही. पण काय गाळायचं ते कोण ठरवतं, हे विचारायलाच हवं.

विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने वॉटर्लूचं भलंमोठं मॉडेल केलं होतं. त्यासाठी तो १८३० साली कित्येक महिने याच शेतघरात राहून जमीन मोजत होता. लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून संध्याकाळी सातच्या सुमारास कोण कुठे होतं, हे त्याने विचारलं. तोवर ब्ल्यूखरचे प्रशियन सैनिक मैदानात पोचले होते, म्हणून मॉडेलवर तेही आले. पण त्यामुळे विजयाचं श्रेय वाटलं जात होतं आणि वेलिंग्टनच्या गोटाला ते रुचलं नाही. अखेर प्रशियनांच्या बऱ्याच सोंगट्या काढल्या गेल्या. हे मॉडेल आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

हाच वेलिंग्टन, नुसता आर्थर वेलस्ली असताना, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. त्याच्या बाजूचे मृत, जखमी, बेपत्ता असे वेगवेगळे आकडे मिळतात. मराठा बाजूचे मात्र अंदाजच सापडतात. उद्या कुणी असईचा पट मांडला, तर एका बाजूच्या सोंगट्या मोजून उचलल्या जातील आणि दुसऱ्या बाजूच्या ‘सुमारे’ म्हणून.

तरीही मी या खेळाच्या बाजूने आहे. १८२४ साली प्रशियाच्या राइसवित्झ नावाच्या लेफ्टनंटने ‘क्रीगश्पील’ लष्करापुढे मांडला. त्यात मध्ये पंच असतो आणि सेनापतीला दिसेल तेवढंच तो खेळाडूला सांगतो. वॉटर्लू तसं खेळून बघा. क्षितिजावर धूळ दिसते, पण येतोय तो आपला ग्रूशी की शत्रूचा ब्ल्यूखर, ते कळत नाही. आणि हुकूम तर आत्ताच द्यायचा असतो! पुस्तकात अटळ वाटणारी गोष्ट तेव्हा कुणाचा तरी निर्णय होऊन समोर येते. ‘नशीबच तसं होतं’ म्हणून हात झटकणं मग अवघड होतं. युद्धाबद्दल हे कळणं मला मोलाचं वाटतं.

मात्र खेळ शेवटच्या फेरीला थांबतो. वॉटर्लूचे जखमी त्यानंतर कित्येक दिवस शेतात पडून होते. मेलेल्यांचे दात उपटून कवळ्यांसाठी विकले गेले. या रात्रीसाठी कुठलीच फेरी नसते.

म्हणून आमच्या चौघांच्या गटात एक जादा नियम आहे. उचललेली सोंगटी डब्यात टाकायची नाही, पटाच्या कडेला आडवी ठेवायची. डाव संपला की जिंकणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या आडव्या सोंगट्या मोजायच्या, विसाने गुणायचं आणि आकडा मोठ्याने वाचायचा. तोवर चहा मिळत नाही.